अंबाडीचं लाल

"हे नाही." रुपरावांनी पेला खाली ठेवला. "लय गोड झालं. मटणासोबतची वाइन अशी नसते. जिभेवर जराशी कोरडी पडते. तुरट."

जयवंता त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. पंधरा दिवसांपासून ती हे लाल पाणी उकळत होती आणि चव सांगायला घरात नवरा हे एकच माणूस होतं. तिनं स्वतः दारूचा थेंब कधी चाखला नव्हता. रुपरावांनी सोडून चौदा महिने झाले होते. त्यांच्या प्रत्येक घोटाला तिला एकच धास्ती वाटे. या चवीनं जुनी चव जागी झाली तर?

"डाळिंबाची साल टाकू काय?" तिनं विचारलं.

"टाक."

सदर भागातल्या पंपाच्या कंपनीत हेडक्लार्कची जागा रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी रुपरावांचं नाव पुढे होतं. करंदीकर साहेबांची रीत साऱ्या ऑफिसाला माहीत होती. बढतीच्या कागदावर सही करण्याआधी ते त्या माणसाच्या घरी जेवायला जात, सोबत आपली बाटली नेत आणि पहिला पेला त्याच्याबरोबर उचलत. नाही म्हणणाऱ्याची फाइल टेबलावरच राही. म्हणून रुपरावांनी ही युक्ती काढली होती. साहेबांच्या पेल्यात त्यांची, आपल्या पेल्यात ही बिनदारूची. दिसायला दोन्ही लाल.

रविवारी दुपारपर्यंत एक नाही, तीन बाटल्या तयार झाल्या. पाहुणे आल्या-आल्या द्यायला काळ्या द्राक्षांची, गोडसर. जेवणानंतर मनुका आणि लवंगांची, दाट. आणि सावजी मटणासोबत अंबाडीच्या वाळलेल्या बोंडांची, डाळिंबाची साल घातलेली, आंबट-तुरट.

"इतक्या काहून?" रुपरावांनी विचारलं. "मले एक पेला पुरे होता."

"जेवणारे का एकटे तुम्हीच हाय?" जयवंता म्हणाली आणि रश्श्याखालचा जाळ कमी केला.

साहेब एक वाजता आले. सोबत त्यांच्या पत्नी अरुंधतीबाई आणि ऑफिसातला गिरिधर.  द्राक्षांचं गोड पाणी शरबत म्हणून पिऊन झालं. मग ताटं मांडली गेली. साहेबांनी पिशवीतून आपली बाटली काढून ताटाशेजारी ठेवली. पण ती उघडायच्या आधीच जयवंता आली आणि तिनं चारही ताटांपुढे अंबाडीचे पेले भरून ठेवले.

रुपरावांनी तिच्याकडे पाहिलं. असं ठरलं नव्हतं.

साहेबांनी मटणाचा घास घेतला, कपाळावरचा घाम पुसला आणि पेला तोंडाला लावला. "वा! रुपराव, छुपे रुस्तम निघालात. कुठली म्हणायची ही?"

"ते... आपलं..." रुपरावांची मान खाली गेली. "मुंबईवरून..."

"कुहीची हाय साहेब," जयवंता म्हणाली. "माह्या माहेरच्या वावरातली अंबाडी. दारू नाही त्याच्यात."

गिरिधरचा घास हातातच राहिला. साहेब हसले. पेला त्यांनी बोटानं दूर सरकवला.

"छान. वहिनींची हौस झाली. रुपराव, आता ही उघडा." त्यांनी आपली बाटली पुढे केली. "कागद उद्या सकाळी माझ्या टेबलावर येतोय."

रुपरावांनी बाटली हातात घेतली. अंगठा आपसूकच बुचाकडे गेला. जयवंताला तो अंगठा दिसला.  ती पदर मुठीत आवळून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"मी प्यायचो साहेब," रुपराव म्हणाले. आवाज बारीक होता, पण थांबला नाही. "दोनदा रस्त्यावरून उचलून आणलं मले या बाईनं. आता सोडली. आत्ता खोटं बोललो मी, मुंबई म्हणालो. त्याची लाज वाटून राहिली. सोडल्याची नाही वाटत."

"एका पेल्यानं काय होतं, रुपराव?"

"मले होते."

"विचार करा. वीस वर्षं कारकुनी केलीत."

"अजून वीस करीन."

त्यांनी बाटली साहेबांच्या पिशवीत घातली आणि पिशवी दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. 

साहेबांनी ताटातच हात धुतले. पिशवी ओढून घेतली आणि उठले. गिरिधर अर्धा उठला, रुपरावांकडे पाहिलं, आणि पुन्हा पाटावर बसला. "वहिनी," तो घसा खाकरून म्हणाला, "रस्सा आणा जरा."

साहेब दारात बूट घालत होते. "अरुंधती," त्यांनी मागे न वळता हाक मारली. "चल."

 अरुंधतीबाईंनी पेल्यातला उरलेला घोट सावकाश संपवला. भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला.

"माझं जेवण व्हायचंय," त्या म्हणाल्या. "चार वाजता गाडी पाठवा."

साहेब वळून पाहत राहिले.

"आणि ड्रायव्हरला पाठवा. तुम्ही नका येऊ."