बशीतला चहा

“केराकाकू, तीन महिने तुमची साखर चढतीच आहे,” सोप्यात बसलेली नर्स मंदा म्हणाली. गावातल्या साठीपुढच्या प्रत्येकाला आरोग्य केंद्राने एक कप दिला होता. चहा पिताना ओठ लागले, की कप लाळेवरून रक्तातली साखर ओळखायचा आणि आकडा केंद्राला कळवायचा.

“माझी? अगं, डोंगर चढून येते मी अजून. कपच खुळा आहे तुझा,” केराबाई फणकारल्या आणि सवयीने त्यांनी थोडा चहा बशीत ओतला.

मंदा बघतच राहिली. “तुम्ही रोज बशीतून पिता? मग कपाला ओठ कोण लावतं?”

केराबाईंच्या हातातली बशी थांबली. कपात उरलेला चहा रोज सून संपवायची. टाकायचा कशाला, म्हणून त्यांनीच लावलेलं वळण ते. छत्तिशीतली कांचन हल्ली सारखी पाणी प्यायची, दुपारी पेंगायची. ‘अंगात आळस भरलाय,’ असं त्या चारचौघींत बोलून मोकळ्या झाल्या होत्या.

“कांचन, चप्पल घाल. रक्त तपासायला जायचं.”

“आत्याबाई, भाकरी थापायच्यात. मला कुठं काय होतंय?”

“व्हायची वाट बघतेस होय? त्याआधी कळावं म्हणून तर हे कप वाटलेत. भाकरी तुझा नवरा थापेल, नाहीतर उपाशी बसेल. मंदा, उद्या हिच्या नावाचा कप आण.”

मग बशी बाजूला सारून त्यांनी जन्मात पहिल्यांदा कडकडीत कपाला ओठ लावला. जीभ पोळली. तरी घोट गिळून त्या म्हणाल्या, “हं, आता माझा खरा आकडा सांग.”