कापलेली कड

फोटो हिरवट आले आणि रुंदही. हिरवट येणार हे तिला ठाऊक होतं. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याने पाहिलेलं सगळं असतं, रंग नीट व्हायच्या आधीचं. पण रुंद? तिने कपाळावर हात मारून घेतला. प्रोग्राममध्ये चौकट कापायची ओळच लिहायची राहिली होती.

शाळेच्या फोटोग्राफरकाकांचा उद्या सत्कार होता. बालवर्गाच्या एकेका पोराचा फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढला होता. जुन्या कॅमेऱ्याच्या फाइली आता कुठेच उघडत नव्हत्या, म्हणून डिस्क घेऊन ते या माजी विद्यार्थिनीकडे आले. तिने अशा फाइली वाचणारी एक तयार कोड-लायब्ररी नेटवर शोधली, प्रोग्रामच्या चार ओळी लिहिल्या आणि फाइली उघडायला लागल्या. काका कॅमेऱ्याला चौकोनी चौकट लावत. पण रॉ फाइलमध्ये कडेचंही सगळं शिल्लक राहायचं.

हे काम तिने हौसेने अंगावर घेतलं होतं. ती चार वर्षांची असताना बाबा गेले. त्यानंतर ती वर्षभर हसली नाही, असं आई सांगायची. हसली ती फक्त काकांच्या फोटोत, अगदी खळखळून. "त्या एका फोटोवर मी वर्ष काढलं," आई म्हणायची. काकांचे आभार मानणारं भाषण तिने कधीच लिहून ठेवलं होतं. त्यात एक कोपरखळीही होती: काकांच्या फोटोत पोरं कॅमेऱ्याकडे कधी बघत नाहीत, सगळ्यांची नजर जराशी डावीकडे. काका म्हणत, ती माझी स्टाइल.

तिने रंग नीट केले. डाव्या कडेला कोणीतरी होतं.

घंटेच्या मावशी! शाळेची घंटा देणाऱ्या, नुसत्या भुवईने अख्खा व्हरांडा गप्प करणाऱ्या. मावशींना दात आहेत की नाहीत, यावर सातवीत पैजा लागायच्या. आणि इथे मावशींनी जीभ बाहेर काढली होती. पुढच्या फोटोत डोक्यावर फरशी पुसायचं फडकं. त्याच्या पुढच्यात गाल फुगवून डोळे तिरळे.

तिने स्वतःची फाइल उघडली. मावशी जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. खराट्याच्या काड्यांची मिशी लावून. तिला हसू आलं, आणि मग रडू आवरेना.

तिने काकांना फोन लावला. "काका, बालवर्गाच्या पोरांना हसवायचं कोण?"

"हसवायचं कशाला? आपोआप हसायची. माझा हातगुणच तसा."

"आणि मावशी?"

"त्या रांग सांभाळायच्या. अगं, मी चौकटीबाहेर बघतोय कशाला?"

भाषणातले आभार खरे होते, फक्त पत्ता चुकला होता. तिने ते पुन्हा लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती लवकर पोचली. मावशी खुर्च्या मांडत होत्या. "चपला बाहेर!" त्या कडाडल्या. तिने मुकाट्याने चपला काढल्या आणि फोटो पुढे धरला. म्हणाली, "मावशी, माझ्या आईचं ते वर्ष तुमच्यामुळे निघालं."

मावशींनी फोटो हातात घेतला. मग पदराने त्यांनी फोटोवरची नसलेली धूळ पुसली. "कुणाला दाखवू नकोस, बाई. उद्यापासून एक पोरगं ऐकायचं नाही माझं."

पण सत्कारात तिने सगळेच फोटो दाखवले, सगळ्यांना, पडद्यावर. टाळ्या थांबेनात. काका हारतुरे तसेच टाकून व्यासपीठावरून खाली उतरले. मावशींना वर नेऊन त्यांनी आपल्या खुर्चीत बसवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

मावशींचा चेहरा दगडासारखा. ती धावत बाजूला गेली, फरशीचं फडकं डोक्यावर घेतलं आणि जीभ बाहेर काढली.

मावशींना दात होते. अगदी भरपूर होते.

"काका," ती ओरडली, "आज कड कापू नका!"