ऊन उतरेपर्यंत

"ऊन फार कडक आहे. जरा उतरू द्या," असं म्हणून फोटोग्राफर मालिनीताईंनी कॅमेरा खाली ठेवला.

तळ्याकाठी आईच्या पंचाहत्तरीचा फोटो काढायचा होता. आईच्या डावी-उजवीकडे रघुवीर आणि मुकुंद उभे होते. दोघं भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

"आता कसलं ऊन उतरतंय, ताई?" मुकुंद वैतागला. शहरावर ऊन गाळणारा भलामोठा पडदा ताणला, तेव्हापासून सकाळी उजाडल्यापासून संध्याकाळी मावळेपर्यंत एकसारखाच मऊ उजेड असायचा. बाहेरच्या फोटोसाठी कुणी थांबत नसे.

"माझी जुनी सवय आहे. बसा."

आई कट्ट्यावर टेकली, तेव्हा दोघांनाही बसावं लागलं. बसताना रघुवीर कण्हला.

बऱ्याच वेळाने मुकुंदने पाण्याकडे बघतच विचारलं, "गुडघा का?"

"हो. जिना चढवत नाही आता."

"मग कळवायचं नाही का, दादा?"

आईने पदर सारखा केला.

मालिनीताईंनी कॅमेरा उचलला. "झालं. आता उजेड छान आहे."

रघुवीरने त्या न बदलणाऱ्या आभाळाकडे पाहिलं.

"नाही हो ताई," तो म्हणाला, "अजून कडकच आहे. थांबू या थोडं."