चार रबरी पाय

"ऐक, सूर कसा स्वच्छ लागतोय! सुईला आता हादरा म्हणून बसत नाही," असं म्हणत श्रीरंगने रेकॉर्ड प्लेअरखाली स्वतः बसवलेल्या चार रबरी पायांवर कौतुकाने टिचकी मारली.

इतक्यात पॅसेजमधून खणखण आवाज आला.

"आई, गाणं लागलंय ना? वॉकर कशाला आपटतेस!" तो खेकसला.

शैलाने वळून पाहिलं. सासूबाईंच्या वॉकरचे चारही पाय बोडके होते. त्या घसरू नयेत म्हणून तिनेच बसवून आणलेली रबरं आता प्लेअरखाली होती. तिला नवऱ्याची अशी शिसारी आली, की त्याच्या तोंडाकडे बघवेना.

खणखण थांबली. लेकाच्या गाण्यात व्यत्यय नको म्हणून सासूबाई वॉकर दोन्ही हातांनी उचलून धरून, भिंतीला खांदा घासत बाथरूमकडे निघाल्या होत्या.