हॉल्डनच्या नोटा

पेकने टोपी मांडीवर ठेवली आणि एकदाचं तोंड उघडलं. "बँक बुडाली, मिस्टर ब्रेक्के. ठेवीतलं काही परत मिळेल असं मला वाटत नाही."

"हे सांगायला बर्फातून चार मैल तुडवत आलात?" म्हातारा तोलेफ ब्रेक्के म्हणाला. "सोमवारी बँकेच्या दारावर कागद लावलात, तेव्हाच वाचला आम्ही."

हॉल्डन गावात ती एकच बँक, आणि पेक तिचा कॅशियर. नोटासुद्धा बँकेच्याच नावाच्या. वॉशिंग्टनहून छापील ताव यायचे, एका तावावर चार नोटा. पेक प्रत्येकीवर शाईने सही करायचा आणि कात्रीने त्या सुट्या करायचा. तसल्याच तीनशे डॉलरच्या नोटा त्याने गेल्या शनिवारी तोलेफच्या हातावर ठेवल्या होत्या. तोलेफच्या बायकोच्या, रागनाच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि मिनियापोलिसच्या डॉक्टरांनी तिला पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला बोलावलं होतं.

पेक खरा आला होता तो त्या नोटांसाठी. चांगली म्हणावी अशी बातमी त्याच्याजवळ तेवढीच होती. बँक बुडाली तरी तिच्या नोटा बुडत नाहीत, त्यांच्यामागे सरकार उभं असतं. नोटेवर तसं छापलेलंही असतं, पण बारीक अक्षर वाचतो कोण! हे सांगायला त्याला मंगळवारीच यायचं होतं. लाजेने पाय उचलला नाही, आणि गुरुवार उजाडला.

"शनिवारी तुम्ही ज्या नोटा नेल्यात—"

"त्या होय? काल संध्याकाळी चुलीत घातल्या." तोलेफ हसला. "तुमची सही छान जळते हो."

पेकला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. त्याने रागनाकडे पाहिलं. ती हातांनी चाचपत बटाटे सोलत होती.

"खरंच घातल्या," ती म्हणाली.

"उत्तर-दक्षिणेची लढाई पेटली, त्या वर्षी माझ्या बापाने बैलजोडी विकली," तोलेफ सांगू लागला. "नोटा घेऊन घरी आला आणि आठवड्यात ती बँक झोपली. त्याने त्या नोटा पेटीच्या झाकणाला आतून चिकटवल्या. आम्हा पोरांना खेळायला चित्रं झाली! दुधाने तोंड पोळलेल्या घरातला आहे मी, पेकसाहेब. बँक मेली की तिचा कागदही मेला."

पासष्ट वर्षांपूर्वी ते खरंच तसं होतं. पुढे कायदा बदलला, नोटा बदलल्या. तोलेफला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम पेकचं होतं.

"राख?" त्याने घाईघाईने विचारलं. "राख कुठे आहे?" अर्धवट जळालेला तुकडा असला आणि त्यावरचा आकडा वाचता आला, तरी वॉशिंग्टनवाले भरून देत.

"का? राखेवरही सही करायचीय?" तोलेफ खो खो हसला.

"सकाळी पायऱ्यांवर टाकली," रागना म्हणाली. "बर्फ धरला होता. येणारं-जाणारं माणूस घसरायला नको."

पदरचे द्यावेत म्हटलं, तर पेकचंही होतं-नव्हतं ते त्याच बँकेत गेलं होतं.

"मग? नोटांचं काय म्हणत होतात?" तोलेफने विचारलं.

"काही नाही. माफी मागायची होती."

"मागून झाली. आता निघा."

रागना भिंतीला हात लावत दारापर्यंत आली. बाहेर येऊन तिने पाठीमागे दार ओढून घेतलं. पायऱ्यांवर राख आणि बर्फ यांचा एकच चिखल झाला होता. पेक त्याच्याकडे बघत उभा राहिला.

"त्या चालल्या असत्या ना?" तिने हळूच विचारलं.

पेकने मान हलवली.

"मान हलवलेली मला दिसत नाही, पेकसाहेब. तोंडाने सांगा."

"चालल्या असत्या," पेक म्हणाला. "मी मंगळवारीच यायला हवं होतं."

थंडीने तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. थंडीनेच असावं.

"तोलेफला सांगू नका," ती म्हणाली.

"गावात कळेलच की कधीतरी, रागनाबाई."

"कळेल तेव्हा कळेल. तोवर त्याला तुमच्यावर चिडू द्या. चिडला की चार घास जेवतो तरी."