फिकट ओळ

“बाबा, बॅगेच्या पैशांची ओळ इतकी फिकट का असते हो?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, जेवणाच्या टेबलावर विचारून दाखव म्हणून. एकीच्या मावशीला वेबसाइटवरची ती ओळ दिसलीच नव्हती, आणि विमानतळावर बॅगेचे वेगळे पैसे ऐकून अर्धे कपडे तिथेच सोडावे लागले होते. आणि त्याच विमान कंपनीची वेबसाइट नियमांत बसवायचं काम भोंग्याच्या बाबांचं. भोंगा म्हणजे हीच, प्रश्न विचारणारी. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. आता बाई रोज दोनदा गप्प बसवतात.

बाबा चिडले नाहीत, उलट खूश झाले. ताट सारून त्यांनी लॅपटॉप उघडला. नियम म्हणतो, बॅगेचे पैसे तिकिटाच्या किमतीशेजारीच दाखवा. दाखवले की! कुठल्या रंगात, ते नियम म्हणत नाही. मग रंग कसा ठरवता, हिने विचारलं. बाबांनी डोळा मारला आणि आजीला हाक मारली.

आजी भिंत चाचपत आली. लेकाच्या ऑफिसला आपली मदत होते याचा तिला कोण अभिमान. स्क्रीनला नाक टेकवून तिने एकेक अक्षर लावलं आणि तिकीट काढलं.

“काही राहिलं नाही ना रे?”

“नाही, आई. एकदम बरोबर.”

मागच्या आठवड्यात तिने ती ओळ वाचली होती, तेव्हा रंग आणखी उतरवावा लागला होता. आज ती ओळ तिला दिसलीच नाही, जमलं, असं बाबा हिच्या कानात म्हणाले.

ओट्यापाशी आई भांडी आवरत होती. तिने सांगितलं, डॉक्टरांचा पुन्हा फोन आला होता. आजीचा मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी थांबलात तर डाव्या डोळ्याची खात्री नाही. बाबा म्हणाले, पुढची तारीख घे. वेबसाइटवर नवीन पान महिनाअखेरीला लागतंय. आत्ताच आजीला दिसायला लागलं, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आई बरं म्हणाली. तिसऱ्यांदा.

“मला मेलीला कसली घाई,” आजी म्हणाली आणि खुर्चीचा हात शोधू लागली.

भोंग्याने तिला बसवलं. मग आईबाबांकडे वळली.

“उद्या मी शाळेत जाणार नाही. आजीला ऑपरेशनला घेऊन जाणार आहे. आणि तुमचे दोघांचे डोळे अधू होतील ना, तेव्हा तारीख मी ठरवणार.”