मांत्रिक मनोऱ्यात बसला

“बाबा, तुम्ही मांत्रिक,” म्हणत लेकीने त्याच्या पात्राचा कागद बापापुढे सरकवला. “मी ढालकरीण. हे माझे मित्र. हा लांब्या आपला तिरंदाज. आणि हा चष्मेवाला खेळ चालवणार. भुयारात काय आहे, कोण वाट अडवतंय, सगळं तोच सांगतो. अडलं तर मला विचारा.”

बापाने कागद लांब धरून वाचला. लेक उद्या नोकरीसाठी परदेशी निघायची होती, आणि जायच्या आधी एक डाव तुमच्याबरोबर खेळायचाय म्हणून तीच मागे लागली होती. बापाचं उभं आयुष्य जहाजांच्या इंजिनांत गेलेलं. लेकीबरोबर साधे पत्तेही त्याने कधी कुटले नव्हते. आज मात्र स्वारी जेवण उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी टेबलाशी हजर होती.

“हिच्या अंगावर काय आहे?” त्याने पहिलाच प्रश्न टाकला.

“चामड्याचं जुनं चिलखत,” चष्मेवाला म्हणाला.

“म्हणजे काहीच नाही. मी मांत्रिक ना? मग मंतरलेलं पोलादी चिलखत देता येईल की हिला.”

“येईल, काका. पण वेळखाऊ काम आहे. तुम्ही मनोऱ्यात बसायचं. आधी पोलाद शुद्ध करायचं, मग त्यावर खुणा कोरायच्या, मग एकेक मंत्र आत उतरवायचा. दर टप्प्याला फासा टाकायचा. मधेच उठलात तर केलेलं सगळं वाया. आणि तोवर हे दोघं काही थांबत नाहीत, त्यांची गोष्ट पुढे जाते.”

“जाऊ दे की. मी मागून पाठवतो.”

“बाबा, चिलखत राहू द्या,” लेक म्हणाली. “तुम्ही बरोबर चला. भुयारात मशाल टिकत नाही, मंत्राचा दिवाच लागतो. तुम्ही तेवढा लावलात तरी खूप झालं.”

“दिवा काय, कुणीही लावेल. अंगावर आधी धड काहीतरी नको?”

कुणीही कसा लावेल? मंत्र येणारा तिघांत तो एकटाच. पण गडी कामाला लागलासुद्धा होता.

“पोलाद शुद्ध कशाने करायचं?”

चष्मेवाल्याने नियमांचं पुस्तक चाळलं. “इथे नुसतं ‘शुद्ध’ लिहिलंय.”

“असं कसं? आधी रॉकेलने पुसायचं, मग राखेने घासायचं. तेलाचा हात राहिला तर खूण धरायची नाही.” सगळे हसले. लेकही हसली. बापाने फासा टाकला आणि तो चांगला पडला. मग काय, त्याला आणखीच हुरूप आला. खुणा छातीवर कोरायच्या की पाठीवर, दोन मंत्र एकावर एक बसतात का, बगलेतल्या सांध्याचं काय, एकेक गोष्ट तो खोदून खोदून विचारू लागला. दोन्ही बाजूंना उत्तरं देता देता चष्मेवाल्याचा घसा कोरडा पडला.

इकडे दोघं भुयारात चाचपडत होते. लांब्याचे बाण काळोखात भलतीकडेच जात होते. कशाने तरी त्याच्या पायाचा लचका तोडला. कशाने, ते दिसलंच नाही. लेकीने ढाल पुढे धरली आणि टेबलापलीकडे बघितलं.

“बाबा, येता का? खरंच काही दिसत नाहीये.”

“झालंच. एवढा शेवटचा मंत्र राहिलाय. आता उठलो तर सगळं पाण्यात.”

“बरं,” लेक म्हणाली. तिने पुन्हा हाक मारली नाही.

बापाने आपल्या कागदाच्या कडेला चिलखताचं चित्र काढायला घेतलं, अगदी मापात, जहाजावर सुट्या भागाचं काढायचा तसं. शेवटचा फासा त्याने दोन्ही हातांत घोळवून टाकला. मनासारखा पडला.

“झालं,” तो खुशीत म्हणाला. “भालासुद्धा जायचा नाही यातून. घे ग, घाल.”

लेकीचा कागद टेबलावर पालथा पडला होता.

“काका,” चष्मेवाला हळूच म्हणाला, “पुढे पूल तुटलेला होता. त्यांना तो दिसला नाही. ती पडली.”

“कधी?”

“मघाशी. तुम्ही चित्र काढत होता.”

बापाने पालथ्या कागदाकडे बघितलं, मग आपल्या चित्राकडे. खेळातलं मरण ते, त्याचं काय एवढं. पण त्याने चित्रावर हात ठेवून ते झाकलं.

“मग लांब्याला होईल का हे?” त्याने उगीच विचारलं.

“नाही ना. मंतरलेलं चिलखत ज्याच्या नावाने केलं त्यालाच बसतं.”

“असं करू, पुन्हा मांडू,” बाप लेकीला म्हणाला. “पहिल्यापासून. मला ते चिलखतबिलखत काही नको. मी तुझ्यापुढे दिवा घेऊन चालतो.”

“आता नाही जमणार, बाबा.” ती फासे पिशवीत भरत होती. “सामान आवरायचंय अजून.”

“काकांनी नुसता दिवा लावला असता तरी निभावलं असतं,” लांब्या पुटपुटला.

“जाऊ दे रे,” लेक समजुतीच्या सुरात म्हणाली. “माझ्यासाठीच करत होते ते.”

हे वाक्य बापाने याआधीही ऐकलं होतं. बंदरातून घरी फोन लावला की कधीकधी बायको बोलता बोलता थांबायची, तोंड वळवून कुणाची तरी समजूत काढायची, “तुझ्यासाठीच करतायत ना ते?” आणि पुन्हा बोलायला लागायची. तिकडे कोण रडतंय, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.